एपिसोडचा टंच

‘सीआयडी’ ही मालिका २७ ऑक्टोबर २०१८ रोजी बंद झाली आणि २१ डिसेंबर २०२४ रोजी पुन्हा सुरू झाली. मधल्या सहा वर्षांत खुनी लोक आतून कडी घालून किती निवांत झोपले असतील, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. आता मात्र दारं तोडणाऱ्या दयाचा खांदा पुन्हा कामावर रुजू झालाय, आणि बंगळूरच्या चिकपेटेत या दुसऱ्या सीझनमधल्या एपिसोडांची प्रतवारी लावण्याचं काम जोरात आहे. ज्यांनी ते अंगावर घेतलंय ते प्रतवारीच्याच धंद्यातले आहेत.

चिकपेटेला लागून नगर्तपेठ. तिथल्या बोळांत, एका माणसाला खांदा तिरका करून चढावं लागेल अशा जिन्यांवर, मराठी गलाईवाल्यांची दुकानं आहेत. ही मंडळी मूळची विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव भागातली. तिकडं पाऊस आश्वासनासारखा, येतो म्हणतो आणि येत नाही. त्यामुळे पोरगं हाताशी आलं की मामाच्या, चुलत्याच्या भट्टीवर धाडायचं ही पिढ्यांची रीत. देशात जिथं म्हणून सराफ कट्टा आहे तिथं खानापूर तालुक्यातलं कुणीतरी मूस आणि चिमटा घेऊन बसलेलं असतं. जुन्या दागिन्यांची मोड वितळवायची, तेजाबात तांबं-चांदी वेगळी करायची, शुद्ध सोनं गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवायचं, आणि दिवसभर टंच या एकाच शब्दावर भांडायचं. टंच म्हणजे शंभरात सोनं किती. बावीस कॅरेटचा ९१.६. त्यात दशांशाचाही फरक पडला तर सराफ आणि गलाईवाला दोघंही जेवत नाहीत.

अशा माणसांच्या हाती मालिका सापडल्यावर ‘दहापैकी आठ’ असली ढोबळ भाषा कशी चालेल? हा एपिसोड ८३.५ चा. तो वरून पिवळा दिसतो, पण आत तांबं आहे. तिसऱ्याला नुसता मुलामा आहे, घासला की उडेल.

शनिवार-रविवारी रात्री दहाला एपिसोड, रविवारी पेठ बहुतेक बंद, म्हणजे निकाल सोमवारी. कॉफी येते ती अर्थातच वन बाय टू. एक कॉफी दोन पेल्यांत निम्मी-निम्मी वाटून घेण्याच्या या बंगळुरी रीतीत कुणाच्या पेल्यात थेंब जास्त गेला हे जी माणसं डोळ्यांनी ओळखतात, ती पटकथेला सवलत देणार नाहीत हे उघड आहे. उधारीच्या वहीचं शेवटचं पान प्रतवारीसाठी राखून ठेवलेलं असतं. त्यावर खाडाखोड इतकी, की वही आयकरवाल्यांच्या हाती लागली तर त्यांना वेगळाच संशय यायचा.

पहिली कसोटी अर्थातच दरवाजा. तो किती धक्क्यांत तुटला? एकाच धक्क्यात तुटला तर सुतार नालायक, तीन लागले तर दया म्हातारा झाला. दोन हा शुद्ध आकडा. दुसरी कसोटी घटीची. वितळवताना थोडी घट येते, तशी या सीझनच्या प्रत्येक एपिसोडातून आधीच काही टक्के वजा होतात, कारण त्यात फ्रेडरिक्स हे पात्र नाही. ती भूमिका करणारे दिनेश फडणीस डिसेंबर २०२३ मध्ये गेले. इथं मात्र थट्टा थांबते आणि वजाबाकी बिनतक्रार मान्य होते.

तिसरी कसोटी मालिकेतले न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. साळुंखे. आडनावावरून हा आपल्याच पट्ट्यातला, बहुतेक कडेगावकडचा, असा पेठेत पूर्वापार समज. ते काम करणाऱ्या नटाचं नाव नरेंद्र गुप्ता आहे हे कळलं तेव्हा काही वडीलधाऱ्यांनी ते मनाला लावून घेतलं. पण खरा आक्षेप वेगाचा. एक्सआरएफ मशिनात दागिना ठेवला तर मिनिट-दोन मिनिटांत टंच कळतो, हे खरं. मात्र सराफाला ते पटलं नाही तर ‘फायर ॲसे’ ही चाचणी करावी लागते. म्हणजे सोन्याचा कण शिशात गुंडाळून हजार अंशांच्या वर तापवायचा, मग तेजाबात उकळायचा, मग पुन्हा तोलायचा. त्यात तासन्‌तास जातात. साळुंखे मात्र परीक्षानळी हलवतात, निळं पाणी लाल होतं आणि विष, विषाचा प्रकार, ते विकणाऱ्याचं दुकान सगळं बाहेर पडतं. सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळा बंगळूरला मडिवाळ्यात आहे. अहवालासाठी महिनोन्‌महिने वाट पाहायची सवय असलेल्या वकिलांना सीआयडी ही विज्ञानकथा वाटते, ते काही खोटं नाही. चोर स्वयंपाकाच्या गॅसवर पातेल्यात सोनं वितळवतोय असं कुठल्याही मालिकेत दिसलं, की नगर्तपेठेत जो हशा पिकतो तो विनोदी मालिकांच्या वाट्याला येत नाही. सोन्याला १०६४ अंश लागतात. तोवर पातेलंच जाईल.

मराठी अस्मितेचं काय, असं कुणी विचारील. सीमाप्रश्न १९५६ पासून पेटलेला, आणि ही माणसं पोटासाठी कर्नाटकाच्या राजधानीत. पण सीआयडीनं तो प्रश्न आपल्यापुरता सोडवून टाकलाय. हुकूम देणारे एसीपी प्रद्युम्न, म्हणजे शिवाजी साटम, मराठी; दरवाजा तोडणारे दयानंद शेट्टी मूळचे उडुपीकडचे. महाराष्ट्रानं बोट फिरवायचं, कर्नाटकानं खांदा लावायचा. दोन्ही राज्यांत इतका सलोखा दुसऱ्या कुठल्या कचेरीत आढळत नाही. शेजारच्या कन्नड दुकानदाराचं म्हणणं असं, की बोट कुणीही फिरवील, दार तोडायला दम लागतो. त्यावर मराठी बाजूकडून शंकर नाग यांच्या १९८८ च्या ‘सांग्लियाना’चा दाखला येतो: बघा, तुमच्या सिनेमातला सगळ्यात कडक पोलीससुद्धा आमच्या सांगलीचा. ज्यांच्यावरून ते नाव घेतलं ते पोलीस अधिकारी मिझोरमचे. ही माहिती पेठेत पोचलेली आहे, स्वीकारली गेलेली नाही.

या सीझनमधला सगळ्यात वादग्रस्त माल एप्रिल २०२५ मधला. बार्बोझा या खलनायकानं (काम तिग्मांशू धुलियांचं, ते निर्विवाद ९९.९) बॉम्ब उडवला आणि एसीपी प्रद्युम्न गेले. वाहिनीनं १९९८ ते २०२५ अशा तारखा टाकून श्रद्धांजलीचं चित्रही काढलं. साटम साहेबांच्या चाहत्यांनी देशभर असा कालवा केला की एखाद्या खऱ्या आयुक्तासाठीही झाला नसता. पार्थ समथान नवे एसीपी म्हणून आले, पण एसीपीच्या खुर्चीत जिमला जाणारा माणूस बसलेला पाहून चिकपेटेनं त्याला मार्क द्यायलाच नकार दिला. पुढं साटम परतलेच. गलाईवाल्यांना त्यात नवल वाटलं नाही. भट्टीत गेलेलं परत मिळणार यावरच तर त्यांचं दुकान चालतं. अडचण एवढीच झाली की त्या एपिसोडला वहीत पहिला नंबर आहे आणि शेवटचाही. ज्यांनी रडत पाहिला त्यांनी पहिला दिला आणि साहेब परत आल्यावर आपले अश्रू फुकट गेले म्हणून त्याच लोकांनी शेवटचा दिला.

तरुण पिढी निराळी. बंगळुरातच जन्मलेला, कन्नड शाळेत शिकलेला भाचा हे एपिसोड फेब्रुवारी २०२५ पासून नेटफ्लिक्सवर पाहतो, तेही दीडपट वेगानं. या वेगात साळुंखेंचा निकाल खून व्हायच्या आधीच येतो की काय अशी भीती वाटते. भाच्याची यादी मुद्देसूद आहे, पटकथा, छायाचित्रण, शेवटचा धक्का अशा रकान्यांसह. मामाच्या यादीत रकाने नाहीत, आणि नव्या सीझनच्या यादीत पहिल्या नंबरावर आहे तो ७ नोव्हेंबर २००४ चा एपिसोड. एकशे अकरा मिनिटं, एकही कट नाही, सलग एका दमात चित्रित केलेला. विक्रमांच्या पुस्तकात गेलेला.

“मामा, यादी नव्या सीझनची हाय.”

“आसंल. सोनं नवं-जुनं नसतंय. टंच बघायचा.”

“मग बाकीचे नऊ नंबर?”

“ते काय, लिही तुला पायजे तसं.”

१ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या प्रत्येक दागिन्यावर सहा अक्षरी ओळखक्रमांक, म्हणजे एचयूआयडी, सक्तीचा झाला. एपिसोडांनाही तो लावला असता तर ही भेसळ पकडता आली असती, असं भाच्याचं मत. मामा २००४ च्याही मागं जातात. सीआयडीचे कर्ते बी. पी. सिंग यांनी तिच्या कितीतरी आधी मुंबई दूरदर्शनसाठी ‘एक शून्य शून्य’ ही मराठी मालिका केली होती, आणि त्यातही शिवाजी साटम होते. तेव्हा साटम बँकेत नोकरी करत होते. बँकेतला माणूस चोर पकडतो यावर गलाईवाल्यांचा तेव्हापासून भाबडा विश्वास आहे.

पण गलाईवाल्यांना पोलिसांची मालिका मुळात आवडतेच का, हे कोडं खरं. कलम ४११, म्हणजे चोरीचा माल घेणं, हे या धंद्यात पाढ्यासारखं पाठ असतं. १ जुलै २०२४ ला न्याय संहिता आली, ४११ चं ३१७ झालं. पाढा बदलला, घाम तोच. कुठंतरी चोर सापडतो, सोनं अमुक गल्लीत विकलं असं सांगतो, आणि वितळलेल्या सोन्याला आधीचा चेहरा नसल्यामुळे ‘ते हे नव्हे’ हे सिद्ध करणं भट्टीवाल्याच्या कपाळी येतं. गलाईवाल्यांच्या संघटनांची ही तक्रार कितीतरी जुनी आहे. एसीपी प्रद्युम्न मात्र दुकानात आले तर फक्त खुनाबद्दल विचारतात. पावती मागत नाहीत, वही उचलून नेत नाहीत, ‘जरा चौकीवर येऊन जा’ म्हणत नाहीत. काम झालं की जातात, आणि तोडलेल्या दाराचा खर्च कुणाकडं मागायचा हा प्रश्नही सोबत घेऊन जातात. वहीतले वरचे पाच एपिसोड नीट पाहिले तर त्यांत एकाही दुकानदाराला त्रास झालेला नाही. रहस्य पहिल्या दहा मिनिटांत कळलं तरी चालेल, साक्षीदार वेळेत घरी गेला पाहिजे. चाहते याला ‘पटकथेची पकड’ म्हणतात.

बीटवरचा हवालदार मध्यंतरी निम्म्या कॉफीपुरता टेकला तेव्हा त्याचंही मत घेतलं गेलं. त्याच्या घरी ‘शांतं पापं’ ही कन्नड मालिका लागते, सीआयडी नाही; तरी त्यानं शिस्तीत वही चाळली. मग त्यानं आपली एकच अट सांगितली: ज्या एपिसोडात कुणीतरी बसून पंचनामा पुरा लिहिलाय, पंचांच्या सह्या घेतल्यात आणि कार्बन सरळ बसलाय, त्याला माझे शंभरापैकी शंभर. भाचा तेव्हापासून नेटफ्लिक्स धुंडाळतोय. वेग त्यानं दीडपटीवरून दुप्पट केलाय.