टेलचे आमदार

आमच्या भागात राजकारण कळायला पक्ष लागत नाहीत, नाती लागतात. साहेब, दादा, ताई, वहिनी. शीव ओलांडून इंदापुरात गेलं की मामा आणि भाऊ. नवख्या माणसाला वाटतं, आपण चुकून लग्नघरात शिरलो. या गोतावळ्यात एक नातं रिकामं राहिलं होतं. ते आमच्या गावानं भरून काढलं. आमदार तात्या.

तात्या कधीच निवडून आलेले नाहीत. ग्रामपंचायतीला दोनदा उभे राहिले आणि दोनदा पडले. दुसऱ्या वेळी तर त्यांच्या वॉर्डात घरातल्या मतांपेक्षाही एक मत कमी निघालं. ते कुणाचं, हा विषय तात्या आणि काकी यांच्यात अजून निघालेला नाही. पण अधिवेशन म्हटलं की तात्या मुंबईला जाणार म्हणजे जाणारच. कुणाच्या तरी चिठ्ठीवर प्रेक्षक गॅलरीचा पास काढायचा, रात्री आकाशवाणी आमदार निवासात कुणाच्या तरी खोलीत सतरंजीवर अंग टाकायचं, आणि चौथ्या दिवशी एसटीनं परत. उतरल्या उतरल्या पहिलं वाक्य: "यंदा आम्ही सभागृहात फार सोसलं."

हे सोसणं ऐकायला पारावर पंधरा-वीस माणसं जमतात. तात्या टोपी मांडीवर ठेवतात, खिशातली डायरी काढतात आणि जिभेवर बोट लावून पान उलटतात. मधे कुणी बोललं तर "हा औचित्याचा मुद्दा होत नाही, खाली बसा" असं सांगतात. तो माणूस आधीच खाली बसलेला असतो. आणि उत्तर येत नसलं तर, "हा विषय मी राखून ठेवतो." लक्षवेधीला मंत्री अडचणीत आले की अध्यक्ष ती राखून ठेवतात, हे तात्यांनी वरून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. मुंबईहून त्यांनी आणलेली ही सगळ्यात उपयोगी वस्तू. बाकी फक्त चिक्की.

2025 च्या 10 मार्चला अजितदादांनी आपला अकरावा अर्थसंकल्प मांडला, तेव्हा तात्या गॅलरीत होते. परत आले ते गंभीर चेहऱ्यानं.

"किती रुपयांचा हाय, तात्या?"

"सात लाख वीस कोटी."

पार गप्प झाला. मग मागून एक पोरगा म्हणाला, "सात लाख कोटी आपल्याला काय कळणार न्हाईत. वरचे वीस कोटी कुणाचे?"

तात्यांनी डायरी मागेपुढे चाळली. "ते आपल्या तालुक्याचे धरू," असं म्हणून त्यांनी पुढचं पान काढलं. त्या वीस कोटींची वाट आमच्यातली दोन-तीन माणसं अजून बघतायत.

तूट समजावून सांगावी तर तात्यांनीच. पुस्तकात महसुली तूट 45,891 कोटी आणि डोक्यावर कर्ज सव्वानऊ लाख कोटींच्या वर, एवढं दिलेलं असतं. तात्या म्हणाले, "काय अवघड न्हाय. सोसायटीत मार्चएंडला आपण काय करतो?"

"नवं-जुनं."

"बास. जुनं भरायला नवं उचलायचं, अन् नव्यातनं उरलं तर खत आणायचं. सरकारला उरत न्हाय, एवढाच फरक."

सातव्या इयत्तेनंतर शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसानं अख्ख्या अर्थखात्याचं एका शब्दात गाळप केलं होतं.

पण तात्यांचा खरा सिद्धांत कालव्याचा. आमचं गाव नीरा डाव्या कालव्याच्या एका फाट्यावर, अगदी टेलला. वीरच्या धरणातून सुटलेलं पाणी आमच्यापर्यंत येतं, पण येतं म्हणजे कालव्याला आठवण होते इतकंच. वाटेत दारं, चाऱ्या, पोटचाऱ्या, रात्रीच्या मोटारी. तात्या म्हणतात, पैशाचंही तेच. घोषणा म्हणजे धरणातला साठा. तरतूद म्हणजे सोडलेलं आवर्तन. मग प्रशासकीय मान्यता हे पहिलं दार, तांत्रिक मान्यता दुसरं, निविदा तिसरं, कार्यारंभ आदेश चौथं. प्रत्येक दाराशी एक पाटकरी उभा. "अन् टेलला काय येतं?" असं विचारून तात्या स्वतःच उत्तर देतात: "फलक."

फलक खरोखरच येतो. आमच्या वेशीजवळ एक उभा आहे: लेखाशीर्ष 2515 अंतर्गत रस्ता काँक्रिटीकरण. खाली रक्कम, वर नेत्यांचे फोटो. रस्ता फोटोंपेक्षा थोडा लांब आहे. तात्यांना गावातल्या प्रत्येक कामाचं लेखाशीर्ष पाठ. नातवंडांचे वाढदिवस काकींना विचारावे लागतात.

विचारानं तात्या जुन्या वळणाचे. त्यांच्या मते सरकारनं हात आखडावा, फुकट काही देऊ नये, अंथरूण पाहून पाय पसरावेत. फक्त आमचा रस्ता, आमचा बंधारा, आमच्या चारीचं अस्तरीकरण आणि विजेची थकबाकी एवढं सोडून. घरातही हाच कडक कारभार. काकींनी मिक्सर मागितला तेव्हा तात्यांनी ती मागणी पुरवणी मागण्यांत ढकलली. 2025 च्या पावसाळी अधिवेशनात सरकारनं 57 हजार कोटींच्या पुरवणी मागण्या आणल्या. काकींनी ती बातमी कापून पाट्याशेजारी चिकटवली.

लाडक्या बहिणीवर तर तात्या तुटून पडले होते. 2024 च्या जुलैत योजनेचे फॉर्म निघाले, तेव्हा पारावर त्यांनी तासभर भाषण केलं: दीड हजारानं माणूस आळशी होतो, तिजोरी रिकामी होते, संस्कार जातात. घरी आले तेव्हा काकी ओसरीवर अंगणवाडीच्या बाईंकडून फॉर्म भरून घेत होत्या. काकींचं वय बासष्ट, म्हणजे अटीत चपखल. तात्यांनी जन्मभर चारचाकी घेतली नाही, त्यामुळे तीही अट पार. त्यांच्या काटकसरीनंच त्यांचा घात केला.

2025 च्या मार्चमधल्या अर्थसंकल्पात दीड हजाराचे कबूल केलेले एकवीसशे झाले नाहीत. तरतूदही आदल्या वर्षीच्या 46 हजार कोटींवरून 36 हजारांवर आली. "शेवटी आमचं ऐकलं," असं तात्यांनी पारावर जाहीर केलं. काकींनी त्या रात्री भाजीत तिखट वाढवलं. तरतूद मात्र तीच ठेवली, अर्धी भाकरी.

कायद्यांचा अहवाल वेगळा असतो. 2025 च्या पावसाळी अधिवेशनात तुकडेबंदी शिथिल करायची घोषणा झाली. गुंठ्या-दोन गुंठ्यांच्या व्यवहारांचा जिव्हाळ्याचा विषय, त्यामुळे पार भरला होता. तात्यांना हे पटलं नव्हतं. "जमिनीचे तुकडे झाले की घराचे होतात," ते म्हणाले, आणि त्यांनी एकदम आवाज खाली आणला. कारण 2024 मध्ये आम्ही लोकसभेला नणंद विरुद्ध भावजय पाहिली होती आणि विधानसभेला काका विरुद्ध पुतण्या. तेवढ्यात मघाचाच पोरगा म्हणाला, "तात्या, हा कायदा 1947 चा हाय ना? मग पक्षाला लागू न्हवता का?"

विषय राखून ठेवण्यात आला.

खरी परीक्षा पाण्याची. तात्यांची लेक मोहोळला दिलेली, म्हणजे सोलापूर जिल्ह्यात. 2021 मध्ये उजनीतलं पाच टीएमसी पाणी इंदापूरकडे वळवायचा आदेश निघाला, सोलापूर पेटलं आणि महिन्याभरात आदेश मागे गेला. तेव्हा जावई बोलायचे थांबले. 2022 मध्ये उजनीतूनच पाणी उचलणाऱ्या लाकडी-निंबोडी उपसा सिंचन योजनेला 348 कोटींची मान्यता मिळाली, तेव्हा तात्या बोलायचे थांबले. आनंद दाखवला असता तर लेक माहेरी आली असती. दिवाळीला दोघं समोरासमोर बसतात आणि ऊस, पाऊस, गुडघे असे बिनविरोध विषय काढतात. जेवताना जावयानं पाण्याचा तांब्या पुढे केला की तात्या आधी काकींकडे बघतात.

आता हिवाळी अधिवेशन जवळ आलं होतं. नागपूरला जायचं म्हणजे दौंडहून रेल्वे, तीन दिवसांचा खर्च, शिवाय थंडीची तजवीज. एसटीचं तिकीट जानेवारीत 14.95 टक्क्यांनी वाढलं होतं. तात्या पासष्टीच्या पुढचे, त्यांना अर्धंच पडतं, तरी दौंडपर्यंतच्या त्या अर्ध्यातली वाढही त्यांनी डायरीत लिहून ठेवली होती. कारखान्याचं बिल अजून यायचं होतं आणि सोसायटीचं नवं-जुनं मार्चला. तात्यांच्या तिजोरीत निव्वळ तूट.

मी सहज गेलो होतो. तात्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभे होते, टोपी हातात. आत काकी तांदळाच्या डब्यातून नोटा मोजून काढत होत्या.

"हजार बास होतील," तात्या म्हणाले. "लोकांचं काम हाय."

काकींनी दोन पाचशेच्या नोटा काढल्या, पण मुठीतच ठेवल्या. "मार्चला आठशे नेलं. जुलैला सहाशे. त्याचं काय झालं?"

"प्रवास. चहापाणी. चिक्की."

"कागुद?"

"कसला कागद?"

"तुम्ही ग्रामसेवकाला मागता तो. पहिला पैसा कुठं लागला ते लिहून द्या, मग पुढचा हप्ता."

उपयोगिता प्रमाणपत्र. गेली पंधरा वर्षं तात्यांनी या एका कागदापायी तीन ग्रामसेवकांना घाम फोडला होता. त्यांनी डायरी उघडली, जिभेला बोट लावलं, दोन पानं उलटली आणि पुन्हा मिटली. माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

"हा विषय," तात्या घसा साफ करत म्हणाले, "राखून ठेवावा."

"ठेवला," असं म्हणून काकींनी नोटा पुन्हा डब्यात टाकल्या आणि वरून तांदूळ सारखे केले.