सरळ म्हणजे किती सरळ?

आमची गाडी सरळ चालत होती. फक्त तिला स्वतःला ते मान्य नव्हतं. डॅशबोर्डवर घसरत्या गाडीचं पिवळं चित्र सतत पेटलेलं, आणि एखादं निवांत वळण घ्यावं तर कोणीतरी खालून एक चाक धरून ठेवल्यासारखा हिसका.

सुरुवात पावसाळ्यात झाली. कर्जत-काटई रस्त्यावर पाण्याने भरलेल्या खड्ड्याची खोली वरून कळत नाही. हे बदलापूरकराला सांगावं लागत नाही, पण चाकाला दर वेळी नव्याने कळतं. टाय रॉड वाकला, तो बदलला, अलाइनमेंट झालं. गाडी नाकासमोर धावू लागली, स्टिअरिंग मात्र डावीकडे कलंडलेलं. अलाइनमेंटवाल्या पोराने तोंडातला मावा या गालातून त्या गालात सरकवला. "टेन्शन नाय, काका," म्हणत त्याने स्टिअरिंगचं चाक उपसलं, एक दाता फिरवून पुन्हा बसवलं आणि नट आवळला. चाक दिसायला अगदी सरळ. संध्याकाळपर्यंत दिवा पेटला.

मग सोसायटीच्या पार्किंगमध्ये निदान शिबिर भरलं. ज्यांनी आयुष्यभर लोकलच्या पासावर निभावलं, त्या तळमजल्यावरच्या आजोबांनी फ्यूज काढून टाकायला सांगितलं. एकाने उल्हासनगरहून स्टिअरिंगचा नवा सेन्सर आणायचा मार्ग दाखवला. म्हणे तिथे ओरिजिनलपेक्षा ओरिजिनल मिळतो. मेव्हण्याने दिव्यावर काळी चिकटपट्टी लावायला सुचवलं. सगळ्यांत स्वस्त उपाय तोच, आणि आपल्याकडे बऱ्याच मोठ्या कामांत तो वापरलेला दिसतो.

या सेन्सरचं काम तसं साधं. स्टिअरिंगच्या मागे दांड्यावर बसून तो तुम्ही चाक किती अंश फिरवलंत ते गाडीला कळवतो. दुसरा एक सेन्सर गाडी प्रत्यक्षात किती वळतेय ते बघतो. दोघांची साक्ष जुळली नाही की गाडी समजते, आपण घसरलो. आणि एखाद्या चाकाला परस्पर ब्रेक लावते. बॉशने ही व्यवस्था १९९५ साली मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आणली. तिचा बोलबाला झाला तो १९९७ मध्ये. स्वीडनमध्ये मूस नावाचं धिप्पाड हरीण रस्त्यात आडवं आलं तर गाडी झटकन बाजूला काढता येते का, याची चाचणी घेतात. त्या चाचणीत मर्सिडीजचीच कोरी ए-क्लास उलटली, आणि मग कंपनीने ही व्यवस्था त्या छोट्या गाडीतही बसवली. आमची ही चाचणी खरवईहून स्टेशनकडे जाताना रोज होते. मूसच्या जागी रिक्षा असते, एवढंच. मूस निदान आधी रस्त्याकडे बघत असेल.

शेवटी खरवई एमआयडीसीच्या बाजूच्या एका गॅरेजात गेलो. तिथल्या वयस्क मेकॅनिकला सगळे मामा म्हणतात. मामांनी आधी बॉनेट उघडलंच नाही. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये स्कॅनर खोचला, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि मला गाडी हळूहळू सरळ न्यायला सांगितली. पडद्यावर आकडा आला: उणे आठ.

"साहेब, सेन्सर चांगला आहे. तो खरं बोलतोय. खोटं बोलतंय ते हे चाक."

मामांचा हिशेब असा. टाय रॉड बदलताना दोन्ही बाजू सारख्या आवळल्या गेल्या नाहीत, म्हणून सरळ जातानाही दांडा आठ अंश फिरलेलाच राहिला. पोराने वरचं चाक तेवढं सरळ दाखवलं. खालचा वाकडेपणा तसाच राहिला आणि त्याची खबर सेन्सर इमानदारीत वर देत होता. नवा सेन्सर घातला असता तर त्यानेही हेच सांगितलं असतं, फक्त काही हजार रुपये घेऊन.

मामांनी बॅटरीची मायनस वायर काढली आणि चहा मागवला. मला वाटलं पाहुणचार. पण स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असते; वायर काढल्यावर तिच्यातला उरलेला करंट उतरेपर्यंत काही मिनिटं थांबायचं असतं. "घाईवाल्याच्या तोंडावर फुटते," मामा बशीत चहा ओतत म्हणाले. मग चाक मूळ दात्यावर गेलं, स्टिअरिंग मधोमध धरून त्याला स्टँड लावला आणि दोन्ही टाय रॉड मशीनवर बघून जुळवले. शेवटी स्कॅनरवरून सेन्सरला झीरो मारला.

"आता फक्त सपाट, सरळ रस्त्यावर थोडी चालवा. म्हणजे त्याचं त्याला पक्कं कळेल."

मामा हे सहज बोलून गेले. खरवईत सपाट आणि सरळ रस्ता! जो सरळ आहे त्यावर स्पीडब्रेकर, जो सपाट आहे त्यावर पाइपलाइनसाठी खणलेला चर, आणि जो दोन्ही आहे त्यावर भाजीवाले. रविवारी पहाटे हायवे गाठला. बायको शेजारी बसून म्हणाली, "अहो, डावीकडे खड्डा." उजवीकडे घेतली. "अहो, उजवीकडे पण!" सरळ रस्त्याच्या शोधात मी इतकी वळणं आधी कधी घेतली नव्हती. वांगणीच्या अलीकडे एक चांगला पट्टा लागला आणि दिवा गेला तो गेलाच.

तेव्हा अलाइनमेंटनंतर तुमचं स्टिअरिंग वाकडं दिसलं आणि समोरच्याने चाक उपसायला पाना उचलला, तर खुशाल त्याचा हात धरा. काका म्हणाला तरी धरा. टाय रॉड दोन्हीकडून जुळवून घ्या आणि स्कॅनरवर शून्य बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.