फ्लेक्सचा धनादेश

आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांच्या मदतीसाठी भरणाऱ्या संगीतरजनीला दोन प्रमुख पाहुणे येतात. एक मुंबई-पुण्याकडचा रॉक बँड, दुसरा फ्लेक्सचा धनादेश. बँडचे मानधन आधी ठरते, धनादेशाची रक्कम उरल्यासुरल्यातून.

नवा अल्बम आला की बँडला यवतमाळ जिल्हा आठवतो. नागपूरपर्यंत विमान, पुढे वातानुकूलित गाडी, वाटेत पऱ्हाटीच्या वावरात फोटो. फोटोला फुटलेली बोंडे लागतात. त्यामुळे जूनमध्ये, म्हणजे बियाण्याला पैसे हवे असतात तेव्हा, दौरा निघत नाही. कळवळा दिवाळीच्या सुमारास दाटून येतो.

बँकेत चालणारा धनादेश सुमारे 20 सेंटिमीटर लांब व 9 सेंटिमीटर रुंद असतो. मंचावरचा सहा फूट बाय तीन फूट, म्हणजे क्षेत्रफळाने सुमारे नव्वदपट मोठा. आकड्याला ही वाढ लागू होत नाही. तो धरायला डावीकडे गायक, उजवीकडे प्रायोजक, आणि मधोमध, फ्लेक्समागे, जिच्यासाठी हे सारे चालले ती बाई. तिचे कपाळ तेवढे दिसते. फोटोग्राफर 'ताई, थोडं वर' म्हणतो, ताई टाचा उंचावतात. ताई दुपारीच घाटंजीहून एसटीने आलेल्या असतात, संध्याकाळभर पहिल्या रांगेत कानात बोटे घालून बसतात, आणि कार्यक्रम संपतो तेव्हा शेवटची गाडी गेलेली असते. एवढा धनादेश एसटीच्या दारातून जायचा कसा, ही चिंता नको. तो मंचामागेच राहतो. पुढचा मुक्काम पुसद. तिथे ताईंच्या नावावर पांढरी पट्टी चिकटवून दुसऱ्या ताईंचे नाव लिहितात. रक्कम तीच असल्याने तिथे पट्टी लागत नाही. खरा धनादेश 'ऑफिसातून पाठवू' असे सांगतात. ऑफिस कुठले, ते सांगत नाहीत.

कायदा दात्याच्या बाजूने आहे. परक्राम्य संलेख अधिनियम, 1881 चे कलम 138 कायदेशीर देण्यापुरते आहे. दान हे देणे नव्हे, त्यामुळे दानाचा धनादेश वटला नाही तरी त्या कलमाखाली गुन्हा होत नाही. खरा धनादेश तीन महिन्यांत शिळा होतो, फ्लेक्स पाच पावसाळे काढतो.

सरकारी मदतीचे एक लाख मिळवताना याच बाईने नवऱ्याचा सातबारा, कर्जाचा दाखला आणि शवविच्छेदनाचा अहवाल घेऊन तहसीलच्या पायऱ्या झिजवलेल्या असतात. 'पात्र' ठरली तर 30 हजार हातात, 70 हजार ठेवीत. दात्याकडे साधी झेरॉक्ससुद्धा कुणी मागत नाही. तिकिटे किती खपली, साउंडवाल्याने किती नेले, उरले किती? विचारणारा कलाद्वेष्टा ठरतो. गायकाने खुशाल गावे, दाबून पैसे घ्यावेत, ती त्याच्या घामाची कमाई आहे. पण मेलेल्या कास्तकाराच्या नावावर तिकिटे खपवायचा परवाना त्याला दिला कोणी?

खर्च वजा जाता शिल्लक राहिलीच, तर ती पुढच्या वर्षीच्या बँडला आगाऊ दिली जाते.