वरकड पैशाचे वारस

वरकड पैसा जन्माला येण्यापूर्वीच त्याचे वारस ठरलेले असतात, ही गोष्ट आमच्या धर्मशास्त्रकारांच्या नजरेतून कशी निसटली याचे मला राहून राहून नवल वाटते. कारण दायविभागाच्या प्रकरणी ज्या मंडळींनी दत्तकाचा आणि गर्भस्थ पुत्राचासुद्धा वाटा डोळ्यांत तेल घालून निश्चित केला, त्यांनी निवडणुकीच्या कामाचा भत्ता घरात आल्यावर त्यावर पहिला हक्क धनकोचा, की गृहिणीने भांड्यांच्या दुकानात हेरून ठेवलेल्या स्टीलच्या पिंपाचा, याविषयी एक अक्षरही लिहून ठेवलेले नाही.

पगाराची तऱ्हा निराळी असते. तो ठरल्या तारखेस येतो, ठरल्या वाटांनी जातो, आणि त्यातील घरकर्जाचा हप्ता तर बँक पाच तारखेस आपल्या हातानेच उचलून घेत असल्यामुळे, कर्ज फेडल्याचे यत्किंचितही पुण्य ऋणकोच्या पदरी पडत नाही. परंतु दहावीच्या उत्तरपत्रिका तपासल्याचे मानधन, मतदान केंद्रावर डासांच्या सहवासात रात्र काढल्याबद्दल सरकारने कृतज्ञतापूर्वक दिलेला भत्ता, थकलेल्या महागाईचा फरक, वर्षाकाठी निघणारी रद्दी आणि परसातल्या शेवग्याने आपण होऊन दिलेल्या शेंगा, या मार्गांनी आमच्या शिरूरच्या, म्हणजे जुन्या माणसांच्या भाषेत घोडनदीच्या, घरात जो फुटकळ पैसा येतो त्याला तारीख नाही, वाट नाही आणि पालकही नाही. अशा अनाथ द्रव्याने काही काळ तरी कर्जाच्या घरी राहावे, अशी माझी इच्छा असते. पण दौंड भागात कालव्याला आवर्तन सुटले की वरच्या अंगाची शेते भिजून पाणी टेलला पोहोचेपर्यंत जी अवस्था होते, तीच या पैशाची होते, आणि आमच्या घरी कर्ज नेहमी टेललाच असते.

"अहो, बँक काय पळून चालली आहे का?" हा आमच्या सौभाग्यवतींचा या विषयातील सिद्धान्त आहे. बँक पळून जात नाही हे मला मान्यच आहे. किंबहुना ती वीस वर्षे जागची हलत नाही, हेच तर माझे गाऱ्हाणे. पिंप मात्र सवलतीच्या दरात मिळण्याची मुदत रविवारी संपते, असा त्यांचा प्रतिवाद असतो, आणि मुदत असलेली गोष्ट मुदत नसलेल्या गोष्टीवर नेहमी मात करते, हा न्यायशास्त्राचा नसला तरी संसाराचा नियम आहे.

त्यात आमचे मेहुणे येतात. ते भीमेच्या अंगाला, दौंड तालुक्यात, ऊस करतात. निम्मा कारखान्याला घालतात, निम्मा भाव पाहून गुऱ्हाळाला देतात, आणि दहा दिवसांनी होणारा दुधाचा पगार हातात पडला की बहिणीची खुशाली विचारण्यासाठी मोटारसायकलीवरून शिरूरला दाखल होतात. माझा वरकड पैशाचा कार्यक्रम ऐकून ते एकदा अत्यंत करुणेने म्हणाले, "दाजी, कर्ज फेडायला पैसं लागत्यात, चिल्लर न्हाय. कारखान्याचा दिवाळीचा हप्ता आला, का एका दणक्यात भरायचं, न्हायतर मग भरायचंच न्हाय." कारखान्याचा तो हप्ता कोणत्या दिवाळीस येईल हे सांगणे आमच्या भागात ज्योतिष्यांनीही सोडून दिले आहे, हे मी त्यांना सांगितले नाही, कारण त्यांच्या बहिणीने तेवढ्यात त्यांच्यासमोर चहा आणि माझ्यासमोर नुसती बशी ठेवली होती.

वस्तुतः या चिल्लरीची किंमत काय, हे गणित मला कोणा अर्थशास्त्रज्ञाने नव्हे, तर कर्जाच्या कागदांना जोडलेल्या परतफेडीच्या तक्त्याने शिकवले. समजा, दहा लाख रुपये सालीना नऊ टक्के दराने वीस वर्षांच्या मुदतीने घेतले. महिन्याचा हप्ता ८,९९७ रुपये बसतो. पहिल्या महिन्यात त्यातील ७,५०० रुपये केवळ व्याजापोटी जमा होतात आणि मुद्दलातून वजा होतात फक्त १,४९७. म्हणजे ऋणको महिनाभर जे कमावतो त्यातून मोठ्या कष्टाने नऊ हजार काढून देतो, आणि त्याच्या डोक्यावरचा भार दीड हजाराने हलका होतो. आता याच पहिल्या महिन्यात त्याने आणखी सुमारे दीड हजार रुपये मुद्दलात भरले, तर दुसऱ्या महिन्यात मुद्दलाचा जो भाग फिटायचा तो आजच फिटतो, तक्त्यातील एक पायरी वगळली जाते, आणि वीस वर्षांनी द्यावयाचा ८,९९७ रुपयांचा एक संपूर्ण हप्ता नाहीसा होतो. उत्तरपत्रिका तपासून मिळालेल्या दीड हजारांना नऊ हजारांचे मोल येण्याचा असा योग अन्यत्र कोठे येत असल्यास मला ठाऊक नाही. मात्र हे मोल कर्जाच्या आरंभी असते. शेवटच्या वर्षात तेच दीड हजार पिंपाला दिले तरी फारसे बिघडत नाही, हे सौभाग्यवतींच्या बाजूने नमूद करणे न्यायाचे होईल.

याच तक्त्याच्या तळाशी आणखी एक कौतुक दडलेले आहे. वीस वर्षांत दहा लाखांवर एकंदर व्याज होते अकरा लाख एकोणसाठ हजारांच्या घरात, म्हणजे मुद्दलाहूनही अधिक. आमच्या पूर्वजांचा दामदुपटीचा नियम असा की, एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाच्या पलीकडे जाता कामा नये. मी मोठ्या आशेने त्या नियमाचा आश्रय घेऊ पाहिला, तेव्हा कळले की तो तुंबलेल्या व्याजाला लागू आहे; जो गृहस्थ दरमहा निमूटपणे व्याज चुकते करतो, त्याचे व्याज तुंबतच नाही आणि म्हणून त्याला संरक्षणही नाही. सज्जनपणाचे तोटे आपल्या परंपरेने इतक्या प्राचीन काळी ओळखले होते.

गणित पटल्यावर मी मानधनाचे एक हजार चारशे साठ रुपये घेऊन बँकेच्या शाखेत गेलो. रोखपालाच्या खिडकीपलीकडच्या तरुणाने प्रथम समजुतीच्या स्वरात सांगितले, "काका, हप्ता पाच तारखेला आपोआप कटतो." हा हप्ता नव्हे, ही रक्कम मुद्दलात जमा करावयाची आहे, असे मी म्हणताच त्याने शेजारच्या खिडकीकडे पाहिले, शेजारच्या खिडकीने मागच्या टेबलाकडे पाहिले, आणि अल्पावधीत माझी रवानगी शाखाधिकाऱ्यांच्या काचेच्या दालनात झाली. तेथे माझी विचारपूस आजारी माणसाची करावी तशी झाली. घरी सर्व ठीक आहे ना? दागिना मोडला का? एवढ्या किरकोळ रकमेसाठी अर्ज लिहिण्यापेक्षा ती दरमहा आवर्ती ठेवीत टाकली तर बँक तिच्यावर साडेसहा टक्के देईल, असा सल्लाही मिळाला. जी बँक माझ्याकडून नऊ टक्के घेते, तीच माझे पैसे माझ्यासाठी साडेसहा टक्क्यांनी सांभाळण्यास तयार होती, आणि या उपकाराने मी सद्गदित होत नाही याचे त्या सुस्वभावी अधिकाऱ्यांना मनापासून वाईट वाटत होते. शेवटी, आपल्यासारख्या नियमित खातेदारास आणखी दोन लाखांचे टॉप-अप कर्ज विनाविलंब मंजूर होऊ शकते, असे सांगून त्यांनी माझ्यासमोर एक छापील नमुना ठेवला. चौदाशे साठ रुपयांनी कर्ज कमी करण्यास गेलेल्या मनुष्यास दोन लाखांनी ते वाढविण्याचा मान मिळावा, यात मला आपल्या अर्थव्यवस्थेच्या आतिथ्यशीलतेचे दर्शन घडले.

अर्ज मी लिहिलाच. वैयक्तिक गृहकर्ज बदलत्या व्याजदराचे असल्यास मुदतपूर्व फेडीवर बँकांनी दंड आकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०१२ साली बजावून ठेवले आहे. तेव्हा कायदा माझ्या बाजूचा होता, फक्त खिडकी नव्हती. त्यातही हप्ता कमी करावयाचा की मुदत, असा पर्याय विचारण्यात येतो. मुदत कमी करावी. हप्ता कमी केला तर दरमहा जे दहा-बारा रुपये उरतात, त्यांचा वारस दुसऱ्याच दिवशी दारात उभा राहतो.

मेहुण्यांच्या तोंडी चिल्लरीविषयी जी तुच्छता असते ती मला विशेष खटकते, याचे कारण आमच्या या दोन तालुक्यांचा इतिहास. कर्जापायी येथे जो भडका उडाला, त्याच्या मुळाशी लाखांचे आकडे नव्हते. शिरूर तालुक्यातील करडे गावी १८७४ च्या डिसेंबरात काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुखांविरुद्ध अवघ्या दीडशे रुपयांच्या येण्यापोटी हुकूमनामा मिळवून त्यांचे घर पाडावयास काढले, तेव्हा गावाने एकमताने सावकाराला वाळीत टाकले. कोणी त्याची जमीन कसेना, कोणी पाणी भरेना, न्हावी फिरकेना. आणि पुढच्या वर्षी, १२ मे १८७५ रोजी, तेव्हाच्या भीमथडी तालुक्यात आणि आता बारामतीत मोडणाऱ्या सुपे येथे बाजारच्या दिवशी जमलेल्या कुणब्यांनी सावकारांच्या पेढ्यांतील रोखे आणि खते बाहेर काढून त्यांची होळी केली. बहुतेक ठिकाणी कागद हाती आले की माणसांना फारशी इजा न करता लोक परत फिरले, हे लक्षात घेण्याजोगे आहे; त्यांचे भांडण कागदाशी होते. या पद्धतीचा गुण असा की मुद्दल आणि व्याज एकाच वेळी नाहीसे होते. दोष एवढाच की पोलीस येतात.

कागदाशी वैर का, तेही पाहण्याजोगे आहे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने सावकाराला रोख्यावरून दावा लावण्यास तीनच वर्षे दिली. ऋणकोच्या हितासाठी केलेल्या या कायद्याचा परिणाम असा झाला की, दर तीन वर्षांनी तुंबलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेण्याचा प्रघात पडला. शंभर रुपये दरमहा शेकडा दोन दराने घेतले तर तीन वर्षांनी नवा रोखा १७२ चा, सहा वर्षांनी सुमारे २९६ चा आणि नऊ वर्षांनी ५०९ चा. आणि नऊ वर्षांत कुळाच्या हाती नवी दमडीही पडलेली नसे. बरे, मधल्या काळात त्याने काहीच दिले नाही असेही नव्हे. दोन पायली ज्वारी, लोणी, वैरणीच्या पेंढ्या, जमेल तसे चार आणे, असे किडुकमिडुक तो पोहोचवीत असे. परंतु अक्षरशत्रू कुळास पावती मिळत नसे, आणि सावकाराच्या वहीत त्याची नोंद होई ती सावकाराच्या मर्जीनुसार. ज्याला आज आपण वरकड पैशातून केलेला भरणा म्हणतो, तो आमच्या पणजोबांच्या पिढीने इमानाने केला, पण तो जमेच्या बाजूस कधी उतरलाच नाही. म्हणून दंग्यानंतर चौकशी मंडळ बसून १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा जो कायदा झाला, त्यात शेतकऱ्याने काहीही भरले तर त्याच वेळी लेखी पावती द्यावी, मागेल त्यास सालीना हिशेब द्यावा, खातेपुस्तक द्यावे, अशी कलमे मुद्दाम घालावी लागली. भरण्याची पावती हा हक्क आमच्या मुलखाने कागद जाळून मिळविलेला आहे, आणि आज तीच पावती आम्ही बसच्या तिकिटाबरोबर धुवायला टाकतो.

हे सर्व मी मेहुण्यांना ऐकविले. ते शांतपणे म्हणाले, "दाजी, पर माजं सोसायटीचं कर्ज हाय." आणि येथे मला नमते घ्यावे लागले, कारण या मुद्द्यावर त्यांचे गणित माझ्याहून पक्के निघाले. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत परत केले तर महाराष्ट्रात शेतकऱ्यास व्याज पडत नाही. मग त्यात मधूनमधून दीड दीड हजार भरण्यात शहाणपणा कोणता? तेथे महत्त्व मार्चअखेरच्या एका दिवसाला. त्या दिवशी रक्कम भरायची आणि पुन्हा उचलायची, याला गावोगाव नवं-जुनं करणे म्हणतात, आणि सोसायटीच्या सचिवाला त्या आठवड्यात देवाहूनही अधिक नमस्कार घडतात. मात्र ही नवं-जुनं करण्याची रक्कम चार दिवसांसाठी कोणा खाजगी इसमाकडून शेकड्याने उचलली जाते, तेव्हा ज्या व्याजाला सरकारने शून्यावर आणले ते मागील दाराने पुन्हा घरात शिरते. मेहुण्यांनी या विषयावर अधिक बोलण्याचे टाळले आणि चहा संपविला.

तेव्हा वरकड पैसा कोठे घालावा, याचा माझा निवाडा असा: दरमहा शेकड्याने घेतलेली उसनवारी असेल तर पहिला पैसा तिला, मग क्रेडिट कार्ड आणि सोन्यावरचे कर्ज, मग घराचे, आणि सोसायटीच्या बिनव्याजी कर्जाला मुदतीच्या दिवसापर्यंत हातही लावू नये. रकमेची लाज बाळगू नये, आणि पैसा हातात आल्याच्या दिवशीच तो भरावा, कारण दुसऱ्या दिवशी पिंप येते. भरून झाल्यावर मात्र खिडकी तत्काळ सोडू नये. पावतीवर रक्कम मुद्दलात जमा झाल्याचे स्पष्ट लिहून घ्यावे. नुसता आगाऊ हप्ता म्हणून नोंद झाली असेल, तर पुढच्या महिन्यात बँक आपला हप्ता तेवढ्याने कमी कापील आणि मुदत आहे तेथेच राहील. तेव्हा रांगेतील मागच्या माणसाने कितीही खाकरले तरी ती नोंद दुरुस्त करून घेतल्यावाचून हलू नये.