भावोजींची पाटी

वस्तूत काय नाही, हे आमच्या भावोजींना कधी दिसतच नाही. ताईला पाहायला आले तेव्हा बाकीची मंडळी पोहे खाता खाता स्वयंपाक, शिवण, पत्रिका अशा चौकशा करत होती आणि भावोजी ताईच्या साडीचे काठ बघत होते. ताईला स्वयंपाकातलं ओ की ठो कळत नाही, ही बातमी त्यांना लग्नानंतर लागली, तीही त्यांच्या आईकडून. त्यावर म्हणाले, "असेना. वाढते किती सुरेख!"

आता हा माणूस चित्रकार असता तर गोष्ट वेगळी. भावोजी चार्टर्ड अकाउंटंट आहेत. डोंबिवली पूर्वेला स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर ऑफिस, हाताखाली दोन आर्टिकल म्हणजे शिकाऊ सीए, अशिलांत हार्डवेअरवाले, दवाखानेवाले, दोन-चार बिल्डर. दुसऱ्याच्या ताळेबंदात कुठे काय राहून गेलंय हे ते पान उलटायच्या आत सांगतात. स्वतःच्या खरेदीला मात्र त्यांचं ऑडिट नाही. त्यांच्या हॉलमध्ये एक घड्याळ आहे, त्यावर आकडे नाहीत, नुसते दोन काटे. पाहुणे "वा!" म्हणतात. घरच्या माणसांना वेळ बघायची झाली की ती स्वयंपाकघरात जातात.

तर २७ जानेवारी २०१० रोजी सॅन फ्रान्सिस्कोत ॲपलचे स्टीव्ह जॉब्ज रंगमंचावरच्या चामड्याच्या खुर्चीत बसले, पायावर पाय टाकला आणि मांडीवरच्या आयपॅड नावाच्या पाटीवर बोट फिरवू लागले. भावोजींनी तो व्हिडिओ कितीदा पाहिला कोण जाणे. जॉब्ज काय बोलले हे विचाराल तर त्यांना सांगता येणार नाही. खुर्ची मात्र पाठ होती. ती ल कॉर्ब्युझिएच्या आराखड्याची, म्हणजे ज्याने आपलं चंडीगड आखलं त्याची, हेही त्यांनी शोधून काढलं होतं. जगभरचे जाणकार त्याच दिवसापासून बोटं मोडत होते. कॅमेरा नाही. यूएसबीचं भोक नाही. मेमरी कार्डाला खाच नाही. तेव्हा निम्म्या वेबसाइटी ज्यावर नाचत होत्या ते फ्लॅश चालत नाही. एक ॲप चालू असताना दुसरं चालवता येत नाही. मग ३ एप्रिलला अमेरिकेत आयपॅड दुकानांत आला, पहिल्याच दिवशी ३ लाख खपला आणि २८ दिवसांत १० लाखांचा आकडा गाठला. भावोजींच्या गोत्राची माणसं तिकडेही बरीच निघाली म्हणायची.

आपल्याकडे तो अधिकृतपणे यायला जानेवारी २०११ संपत आला. सर्वांत स्वस्त १६ जीबीचा, २७,९०० रुपये. ताईचे धाकटे दीर, सगळे त्यांना अण्णा म्हणतात, त्यांनी वहीत दोन रकाने आखून आणले होते. डावीकडे 'आहे', उजवीकडे 'नाही'. उजवा रकाना पानाच्या मागे गेला होता. "दादा, याच पैशांत थोडी भर घाल, सात इंचीवाला घे. पुढे कॅमेरा, मागे कॅमेरा, कार्ड घाल, सिम घाल, फोनसुद्धा कर." भावोजींनी वही शांतपणे वाचली आणि विचारलं, "फोन आल्यावर एवढं धूड कानाला लावणार?"

अण्णांनी स्वतः तसलाच एक घेतला होता. खरोखरच लावायचे कानाला. टिळक चौकात एकदा मी त्यांना तसं बोलताना पाहिलं. निम्मा चेहरा झाकलेला, समोरून येणारा रिक्षावाला दिसत नव्हता. सगळं काही असलेली ती वस्तू पुढे चारेक महिन्यांत कपाटात गेली. का गेली, हे अण्णांनी कधी सांगितलं नाही. वहीतही तो रकाना नव्हता.

भावोजींची पाटी घरी आली तो दिवस मला चांगला आठवतो. ताईने खोक्याला हळदकुंकू लावलं. खोकं उघडलं. हवा सुटल्यासारखा हलका आवाज झाला आणि झाकण वर आलं. "आवाज ऐकलात, मेव्हणे?" भावोजी म्हणाले. त्यांनी ते झाकण पुन्हा लावून पुन्हा काढलं. मग पाटी सुरू केली. काळ्या पडद्यावर एका वायरीचं चित्र, वर आयट्यून्सची खूण, बाकी काही नाही. तेव्हाची ती रीतच होती. आधी संगणकाला जोडल्याशिवाय बाईसाहेब घुंगट काढत नसत. भाच्याला हाक गेली. तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, दुसऱ्या दिवशी सबमिशन. त्याच्या लॅपटॉपवरचं आयट्यून्स जुनं निघालं. नवं उतरवायला त्या काळच्या ब्रॉडबँडला रात्रीची जेवणं उरकेपर्यंत वेळ लागला. या सगळ्या वेळात भावोजी काय करत होते? पाटी पालथी घालून ॲल्युमिनियमच्या पाठीवरून हात फिरवत होते. "पाठ बघा. एक स्क्रू दिसतोय?"

एकही दिसत नव्हता, हे कबूल केलं पाहिजे.

दुसऱ्या दिवसापासून पाटी ऑफिसात जाऊ लागली आणि खरी मौज सुरू झाली. सीएच्या टेबलावर काय लागतं? डिजिटल सहीचा डोंगल लागतो. कंपन्यांचे फॉर्म त्याशिवाय चढत नाहीत. डोंगल यूएसबीत जातो. अशील टॅलीचा डेटा पेन ड्राइव्हवर आणतं. पेन ड्राइव्ह यूएसबीत जातो. आयकराची विवरणपत्रं तेव्हा मॅक्रोवाल्या एक्सेल फाइलीत भरायची, ती पाटीवर चालायची नाहीत. आणि गणकयंत्र! साडेनऊ इंचांच्या वर पडदा, त्यात ॲपलने स्वतःचं साधं बेरीज-वजाबाकीचं यंत्रही दिलेलं नव्हतं. म्हणजे देशातल्या यच्चयावत धंद्यांतून हा धंदा नेमका निवडून, त्याला जे जे लागतं ते ते काढून टाकलेली वस्तू भावोजींनी टेबलावर मधोमध ठेवली होती. तिच्या शेजारी बारा आकडी सिटिझन, ज्याची डबल शून्याची कळ वापरून वापरून गुळगुळीत झालेली. भावोजी पाटीकडे बघत बोलायचे आणि डावा हात न बघता सिटिझनवर चालायचा.

अशिलाने पेन ड्राइव्ह पुढे केला की भावोजी तो दोन बोटांत घेत, पाटीच्या चारी कडांवरून एक नजर फिरवत, जणू कालपर्यंत इथे एक भोक होतं, आज कुठे गेलं बरं, आणि मग न वळता पेन ड्राइव्ह खांद्यावरून मागे धरत. मागे आर्टिकल उभा असे. तो टेबलाखालच्या धुळकट संगणकात डेटा घेई, ताळेबंद तयार करी, पीडीएफ करून साहेबांना मेल करी. पाच-दहा मिनिटांत पाटी "टुंग" म्हणे. भावोजी खुर्ची जराशी तिरकी करत, पायावर पाय टाकत आणि अशिलासमोर बोटाने पान सरकवत. नफा-तोटा पत्रक डावीकडे गेलं, ताळेबंद उजवीकडून आला. दोन बोटं फाकवली, देणी मोठी झाली. हार्डवेअरवाल्या शेठनी आयुष्यात स्वतःची देणी इतक्या कौतुकाने कधी पाहिली नव्हती. "साहेब, पुन्हा एकदा करा," म्हणाले.

त्या वर्षी भावोजींनी फी वाढवली. एकानेही हुज्जत घातली नाही.

इथे अण्णांची वही कमी पडते, असं माझं मत आहे. वस्तू काय करते याचा हिशेब त्यांनी चोख मांडला होता. ती हातात असताना समोरच्याचं काय होतं, याचा मांडलाच नव्हता. काम धुळकट संगणक करत होता, पैसे गुळगुळीत पान मिळवत होतं. भावोजींना हे कळत होतं का? मला वाटतं, कळत होतं. पण ते कधी बोलून दाखवणार नाहीत. विचारलं तर म्हणतील, "पाठ बघा."

उणं काढणाऱ्याला त्यांच्याकडे उत्तर तयार असे, आणि त्यात उणं हे उणं राहतच नसे. फ्लॅश चालत नाही? ताईने एकदा दापोलीच्या एका रिसॉर्टची वेबसाइट उघडायला सांगितली. समुद्र, खोल्या, झोपाळा असं काहीबाही दिसायला हवं होतं. पांढऱ्या पानावर मधोमध एक निळा ठोकळा आला. भावोजी क्षणभर थांबले आणि म्हणाले, "स्वच्छ दिसतंय. गर्दी नसावी." आणि कॅमेरा? "मेव्हणे, एवढी पाटी तोंडासमोर उभी धरून फोटो काढणारा माणूस कसा दिसेल, डोळ्यांपुढे आणा." तेव्हा मी हसलो होतो. पण पुढच्या वर्षांत लग्नालग्नांत पहिल्या रांगेतले काका उठून परातीएवढा टॅब्लेट डोक्यावर धरू लागले, मागच्यांना नवरा दिसेना की नवरी, तेव्हा मला या माणसाच्या दूरदृष्टीचं कौतुक वाटलं.

त्यांच्या दुर्दैवाने २ मार्च २०११ ला दुसरा आयपॅड जाहीर झाला. भावोजींचा हप्ता जेमतेम एकच फिटला होता. नव्यात पुढे-मागे कॅमेरे. पहिल्याची जाडी १३.४ मिलिमीटर, नव्याची ८.८. अण्णा सकाळी सातला वर्तमानपत्र घेऊन हजर. तोंडावर नुसतं समाधान. भावोजींनी बातमी वाचली. कॅमेऱ्याची ओळ त्यांनी ओलांडली. जाडीच्या ओळीवर मात्र बोट थांबलं आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उतरला. काय नाही याचं दुःख त्यांना नव्हतंच कधी. आपल्यापेक्षा कुणी सडपातळ निघालं, हे लागलं. दोन दिवस पाटी पिशवीतच राहिली. तिसऱ्या दिवशी ते सावरले. "पहिली ती पहिली," म्हणाले आणि ऑफिसला गेले.

त्या वर्षीच्या दिवाळीत फडके रोडवर त्यांना पाहायला हवं होतं. नरक चतुर्दशीची सकाळ, गणपतीचं दर्शन घेऊन निम्मी डोंबिवली रस्त्यावर, झब्बे, नऊवाऱ्या, ढोल, जो तो फोन उंचावून फोटो काढतोय. भावोजी मोतिया रंगाच्या सिल्कच्या झब्ब्यात, डाव्या काखेत पाटी. कशासाठी? रस्त्यावर वायफाय नाही, पाटीत सिम नाही, कॅमेरा तर नाहीच. तरी दहा पावलांवर एकेक जण थांबवत होता. कॉलेजातल्या चार पोरांनी त्यांच्यासोबत फोटो काढून घेतला. त्यांच्याच फोनवर, अर्थात. भावोजींना स्वतःची प्रत हवी होती, म्हणून त्यांनी मेल आयडी दिला. रात्री फोटो पाटीवर आला, ताईला दाखवून म्हणाले, "बघ, कॅमेरा कुठे अडला?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पाटीत जे जे नव्हतं ते ते भावोजींच्या भोवती उभं होतं. यूएसबीच्या जागी आर्टिकल, कॅमेऱ्याच्या जागी फडके रोड, प्रिंटरच्या जागी भाचा, मेमरी कार्डाच्या जागी ताई, कारण पासवर्ड तिला पाठ. कंपनीने जे काढून टाकलं ते घरादाराने भरून दिलं, तेही फुकट. अण्णांचा टॅब्लेट सर्वगुणसंपन्न होता, म्हणून त्याच्या मदतीला कुणी गेलं नाही.

पुढे सप्टेंबर २०१२ मध्ये नवी प्रणाली आली आणि पहिल्या आयपॅडला तिने दारातच उभं केलं. मग भावोजींनी दुसरी पाटी घेतली, तिसरी घेतली. २०१५ साली यूएसबीचं एकच भोक असलेला लॅपटॉप आला, तो घेतला; वर्षभराने हेडफोनची खाच काढून टाकलेला फोन आला, त्यासाठी आधी नोंदणी केली. दर वेळी वस्तूतून काहीतरी कमी व्हायचं आणि किंमत वाढायची. ३१ डिसेंबर २०२० रोजी अडोबीने फ्लॅश कायमचं बंद केलं, त्या रात्री त्यांचा अण्णांना फोन गेला. नववर्षाच्या शुभेच्छा दिल्या म्हणे. मधे नुसतं एवढंच बोलले, "फ्लॅश गेलं रे," आणि ठेवला.

सप्टेंबर २०२४ मध्ये, पहिल्या पाटीनंतर चौदा वर्षांनी, ॲपलने आयपॅडवर एकदाचं गणकयंत्र दिलं. मी मुद्दाम ऑफिसात जाऊन विचारलं. भावोजींनी ते उघडून दाखवलं, हाताने लिहिलेली बेरीज आपोआप सुटते तेही दाखवलं. "सुरेख आहे," म्हणाले. डावा हात सिटिझनवरच होता.

आता ओळखीपाळखीचे लोक मला विचारतात, दिसायला झकास आहे, पण अमुक नाही, तमुक नाही, घ्यावा का? मी खुशाल घ्या म्हणतो. रूप जिंकतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. फक्त दुकानात जाण्यापूर्वी घरात एक इंजिनिअरिंगचं पोर आणि ऑफिसात दोन आर्टिकल आहेत ना, तेवढं बघा. आमच्या भाच्याला हल्ली बंगळुरात नोकरी लागली आहे आणि तेव्हापासून भावोजींच्या प्रिंट काढायला मला डोंबिवलीला जावं लागतं.