भोंगा नसलेली गिरणी

सोलापूरच्या माणसाला स्वतःच्या शरीरातले तीनच भाग नीट ठाऊक असतात. गुडघा, कंबर आणि पोट. गुडघा धरतो, कंबर भरून येते आणि पोट 'डब्ब' होतं. यापलीकडचे अवयव पुण्या-मुंबईच्या लोकांना होतात अशी आमची समजूत. यकृताचा तर प्रश्नच नव्हता, कारण ते दुखत नाही. जे दुखत नाही ते आमच्याकडे असल्याचं धरत नाहीत.

वास्तविक ही एक अख्खी गिरणी आहे. उजव्या फासळ्यांच्या आड, वजन सव्वा ते दीड किलो आणि खाती पाचशेच्या वर. पित्त तयार करायचं, साखर साठवायची आणि मागतील तेव्हा सोडायची, रक्त गोठवणारी प्रथिनं बनवायची, दारूपासून डोकेदुखीच्या गोळीपर्यंत जे येईल ते मोडीत काढायचं. तिन्ही पाळ्या चालू, साप्ताहिक सुट्टी नाही, युनियन नाही. फरक एवढाच, की लक्ष्मी-विष्णू गिरणीचा भोंगा झाला की अर्धं सोलापूर उठून बसायचं. या गिरणीला भोंगाच बसवलेला नाही. निम्मे माग बंद पडले तरी उरलेले निम्मे कापड काढत राहतात आणि मालक पार्क चौकात उभा राहून निवांत भजी खातो.

माझ्या गिरणीचा पत्ता मला मुतखड्यामुळे लागला. म्हणजे मुतखडा नव्हताच. पण सोलापुरात बरगडीखाली कुठंही चमक निघाली की तो खडाच, आणि त्याला कारण बोअरचं पाणी, हे निदान रिक्षावाल्यापासून सगळे फुकट देतात. सोनोग्राफीत खडा निघाला नाही, चरबी निघाली. रिपोर्टवर लिहिलं होतं 'फॅटी लिव्हर, ग्रेड वन'. शेजारच्या अक्कांचा मुलगा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. त्यांनी दारातूनच विचारलं, "क्लास वन झालाव म्हणं? मग पेढे कुठाएत ओ?"

पेढे हेच तर दुखणं होतं, पण ते पुढं.

त्या वर्षीच्या हुरड्याला गेलो तेव्हा कळलं की मी एकटा नाही. पूर्वी आगटीभोवती मुलांच्या टक्क्यांच्या गप्पा निघायच्या, आता बापांच्या ग्रेडच्या निघतात. यकृताच्या शंभरातल्या पाचाहून जास्त पेशींत चरबी साचली की त्याला फॅटी म्हणतात, आणि आमच्या आगटीभोवती हा पाचाचा उंबरठा न ओलांडलेला माणूस शोधावा लागला असता. ग्रेड टू वाले जरा ऐटीत बोलत होते. एकाने 'फायब्रोस्कॅन' केलं होतं. यकृत किती ताठ झालंय ते किलोपास्कलमध्ये सांगणारं ते यंत्र. तो आपला आकडा प्लॉटच्या भावासारखा सांगत होता.

खरा संताप होता आबांचा. आबा माळकरी. घरात कांदा-लसूण नाही, आषाढी-कार्तिकी चुकत नाही, दारूच्या दुकानासमोरून जाताना रस्त्याची बाजू बदलणारा माणूस. त्यांना ग्रेड टू. "पांडुरंगाच्या जिल्ह्यात राहून असलं ऐकायचं? बायकोनं काय समजायचं ओ? ती म्हणलालीय, वारीला म्हणून कुठं जात होता?"

आबांच्या अब्रूसाठी हे खुलासेवार सांगायला हवं. दारू न पिणाऱ्याचंही यकृत चरबीनं भरतं. २०२३ साली जगभरातल्या तज्ज्ञांनी एकत्र बसून या विकाराच्या नावातून दारूचा उल्लेखच काढून टाकला आणि त्याचं नातं चयापचयाशी, म्हणजे मधुमेह, रक्तदाब, वजन, रक्तातली चरबी या गोतावळ्याशी जोडलं. केंद्र सरकारनं त्याआधीच, २०२१ मध्ये, मधुमेह-कर्करोगाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात त्याला जागा दिली होती. एवढं सगळं आबांच्या बायकोला समजावून सांगेपर्यंत दोन कप चहा झाला, आणि प्रत्येक कपात तीन चमचे साखर होती. म्हणजे पुरावा समोरच होता.

साखरेचं असं आहे की तिच्यातला निम्मा भाग फ्रुक्टोज. ही निम्मी रक्कम बहुतांश यकृताच्याच खात्यात जमा होते आणि जास्त झाली की तिथंच तिची चरबी होते. आता आमचा जिल्हा राज्यात साखर कारखान्यांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. लग्न जमलं पेढे, मोडलं तरी 'सुटलो' म्हणून पेढे, कारखान्याच्या मोळीपूजनालाही पेढे. जिल्ह्याची अर्थव्यवस्था आणि माझं यकृत यांचे हितसंबंध सरळसरळ विरोधी आहेत. मी कुणाच्या बाजूनं उभा राहायचं हे मतदारसंघात राहून उघड बोलता येत नाही. त्यात आबांची एकादशी: साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, रताळ्याच्या गोड चकत्या, वर राजगिऱ्याचा लाडू. विठ्ठलाला पोहोचतो तो भाव. बाकी सगळं उजव्या फासळीखाली जातं.

पण या आजाराचं निदान सोलापुरात सगळ्यात आधी कोण करतं, हे मला विचाराल तर मी कुठल्याही डॉक्टरचं नाव घेणार नाही. टेलर. नवी पेठेतले आमचे टेलरमामा माझ्या लग्नापासून माझी कंबर मोजत आले आहेत. डॉक्टरांनी टेप काढून सांगितलं की आपल्याकडच्या पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईची ८० च्या आत हवी. माणूस बाहेरून सडपातळ दिसला तरी पोटातली ही चरबी यकृताला भोवते. मामांनी हेच कित्येक वर्षं इंचांत सांगितलं होतं. प्रत्येक पँट शिवताना म्हणायचे, "साहेब, मागं दोन इंच माया ठेवतो, लागंल." दरवर्षी ती लागायची. एके दिवशी त्यांनी पँट उलटी करून मला शिवण दाखवली आणि म्हणाले, "माया संपली ओ. आता काय करलालाव?" इतकं गंभीर निदान एवढ्या मोजक्या शब्दांत कुठल्याच रिपोर्टवर वाचलेलं नाही. शिवाय त्यांचं लक्ष मानेकडेही असतं. कॉलरच्या घडीतली कातडी काळी, मखमली झाली की ते म्हणतात मळ आहे, घासा. तो घासून जात नाही. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झाल्याची ती खूण असते, आणि ज्याला ती असते त्याच्या यकृतात डोकावून पाहिलेलं बरं.

घरी मात्र वेगळीच तपासणी सुरू झाली. रोज सकाळी बायको खालची पापणी ओढून माझे डोळे बघते. सुरुवातीला ती रात्री दिव्याखाली बघायची आणि त्या उजेडात आख्खं घर कावीळग्रस्त दिसायचं. पिवळेपणा उन्हाच्या उजेडात बघायचा असतो, तोही डोळ्याच्या पांढऱ्या भागात. रक्तातलं बिलिरुबिन एरवी साधारण एकाच्या आसपास. ते अडीच-तीनच्या घरात गेल्यावर डोळ्यांना दिसतं. गाजरं फार खाऊन तळहात पिवळे होतात, पण डोळे पांढरेच राहतात. बाळ्याच्या खंडोबाला जाऊन आलेला माणूस सगळीकडूनच पिवळा असतो, त्याला आंघोळ करून मग तपासावं.

पुढची चौकशी बायको मोठ्यांदा करते, तीही शेजारी ऐकतील अशी. लघवी चहासारखी गडद होते का? शौचाचा रंग मातकट, फिका आहे का? अंगाला खाज? जेवण नकोसं वाटतं का? या शेवटच्या प्रश्नाला ती स्वतःच उत्तर देते: "ते काय होणार नाही."

गंमत अशी की फॅटी यकृतात बहुधा यातलं काहीच होत नाही. थोडा थकवा, उजवीकडे जडपणा, बस. रक्ततपासणीत एसजीपीटी नॉर्मल येऊनही आत चरबी असू शकते. म्हणून ज्याला मधुमेह आहे, पोट सुटलंय, त्यानं खूण उमटायची वाट बघत बसू नये. खुणा उमटतात तेव्हा मामला फार पुढं गेलेला असतो: पोटात पाणी भरणं, पावलं सुजणं, जरा लागलं की काळंनिळं होणं. रक्ताची उलटी, डांबरासारखी शी, किंवा माणूस बरळायला लागणं, यातलं काही दिसलं तर 'सकाळी बघू' म्हणायचं नाही. थेट सिव्हिल गाठायचं. इथं विनोद नाही.

कावीळ म्हटली की आमच्याकडे माळेवाला निघतोच. माझे डोळे पांढरेशुभ्र असताना अक्का मला घेऊन जायला तयार होत्या. तो डोक्यावर काड्यांची माळ ठेवतो, ती दिवसागणिक लांबत गळ्यात उतरते, तसतशी म्हणे कावीळ उतरते. काड्या ओल्या असतात, वाळल्या की आकसतात, गाठी सैल पडतात आणि माळ लांबते. खुंटीला अडकवली तरी लांबेल, पण खुंटी पैसे देत नाही. हातावर चुन्याचं पाणी ओतून पिवळी धार काढणारे असतात, त्यांनी आधी हाताला आंब्याच्या सालीचा रस चोळलेला असतो. अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी हे गावोगाव करून दाखवलंय. तरी हा धंदा चालतो, कारण पाण्यातून होणारी कावीळ, हिपॅटायटिस ए आणि ई, बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते. बरं करतं यकृत आणि बिल फाडतो माळेवाला. तेवढ्यात एखाद्या गरोदर बाईला ई झालेली असली तर मात्र जिवावर बेततं, आणि ते दिवस माळेत घालवायचे नसतात.

पाण्याचं आम्हाला कुणी शिकवू नये. उजनी भरून वाहत असली तरी आमच्या नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्यामुळे प्रत्येक घरात बॅरल, टाकी, हंडे यांचं प्रदर्शन असतं. नळाला आधी गढूळ पाणी येतं, ते जाऊ द्यायला कुणाचं मन होत नाही. इचलकरंजीत २०१२ साली दूषित पाण्यातून काविळीची मोठी साथ आली होती, हे लक्षात ठेवून आमच्याकडे आता पिण्याचं पाणी उकळतात. उकळलेलं पाणी पिऊन मी गड्ड्याच्या यात्रेत उघड्यावरचा बर्फाचा गोळा खातो, हा भाग वेगळा.

गड्ड्यावरून आठवलं. सिद्धेश्वराच्या यात्रेत हातावर नाव गोंदवायची हौस सगळ्यांना. सुई एक आणि हात अनेक असले की नावाबरोबर बी किंवा सी हिपॅटायटिसही कोरला जाऊ शकतो. आणि तो नावापेक्षा जास्त टिकाऊ, वर्षानुवर्षं मुकाट राहून यकृत पोखरणारा. बी ची लस आहे. सी आता तोंडावाटेच्या गोळ्यांनी काही महिन्यांत बरा होतो, आणि २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात हे उपचार सरकारी दवाखान्यांतून मोफत मिळतात. प्रेयसीच्या नावाबाबत अशी सोय नाही.

दारूवाल्यांना मी आतापर्यंत टाळत होतो, कारण हुरड्याला ते माझ्या शेजारीच बसले होते. आमच्याजवळच्या मुळेगाव तांड्याची हातभट्टी एकेकाळी प्रसिद्ध. २०२१ मध्ये तेव्हाच्या पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी 'ऑपरेशन परिवर्तन' सुरू केलं. भट्ट्या फोडून न थांबता दारू गाळणाऱ्यांना दुसरा रोजगार मिळवून द्यायचा. कल्पना मला फार आवडली. गाळणाऱ्यांचं परिवर्तन सुरू झालं. पिणाऱ्यांचं अधीक्षकांच्या हातात नव्हतं. ते म्हणतात, "आम्ही फक्त शनिवारी." चरबीनं आधीच भरलेल्या यकृताला वार कळत नाही.

आता उपाय. पहिला उपाय व्हॉट्सॲपवर आला: 'लिव्हर डिटॉक्स' काढा. डॉक्टर म्हणाले, शरीरातलं विष काढायचं काम ज्याचं, त्यालाच काढा पाजून विष काढणार? कोरोनात घरोघर गुळवेल उकळला गेला तेव्हा २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं; आयुष मंत्रालयानं ते मान्य केलं नाही. त्यांचा वाद त्यांना लखलाभ. मी कुंडीतला वेल कुंडीतच ठेवला आहे, तो सुखी आहे.

दुसरा उपाय कंटाळवाणा, म्हणूनच खरा. वजनात सात ते दहा टक्के घट झाली तर यकृतातली चरबीच नव्हे, सूजही उतरते. त्यामुळे सकाळी कंबर तलावाला फेऱ्या. तिथं मला आगटीभोवतीचे सगळे भेटतात. फेरी संपली की तलावाबाहेरच्या गाड्यावर पोहे, आणि वर चर्चा: चालण्यानं भूक किती वाढते. आबा वारीत चालून चार किलो उतरवतात आणि बारशीच्या पुरणपोळीला पाच परत घेतात. वरचा एक प्रसाद समजायचा.

काळी कॉफी यकृताला मानवते असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. ती बिनसाखरेची प्यायची म्हटल्यावर माझ्या घरी शोककळा पसरली, पण आमच्या कानडी शेजाऱ्यांनी मला एकदम आपल्यात घेतलं. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, डाळी, हे आमच्याकडे होतंच. मंगळवेढ्याची ज्वारी घरात असताना मी मैद्याच्या पावामागं का लागलो होतो, याचा जबाब माझ्याकडे नाही.

शेवटचा प्रश्न मी डॉक्टरांना उठता उठता, दाराशी जाऊन, आवाज खाली आणून विचारला. शेंगाची चटणी. डॉक्टर सोलापूरचेच. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, शेंगदाण्यानं बिघडत नाही, वरून ओतलेल्या तेलाचं बघा. दोन चमचे चालेल.

कुठला चमचा, ते त्यांनी सांगितलं नाही. आमच्या घरी आमटी वाढायचाही चमचाच असतो. मी तो हातात घेतला तसा बायकोनं दवाखान्यात फोन लावला. कंपाउंडरनं उचलला. "डॉक्टर जेवायला बसलेत," तो म्हणाला, "तासाभरानं करा. आज शेंगापोळी हाय."