फियाटची पितृशांती

हा विधी अशा यजमानांसाठी आहे, ज्यांनी जुनी प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली फियाट, नुकतीच घरी आणली आहे आणि जिचा हॉर्न डावीकडे वळताना आपोआप वाजतो. ज्यांचा व्यवहार अजून व्हायचा आहे त्यांनी पुढे वाचू नये. त्यांच्या घरात सध्या सुख नांदत आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. जुन्या गाडीतल्या विजेचा काही दोष नसतो. 12 व्होल्टची ती गरीब वीज बॅटरीतून निघते, नेमून दिलेलं काम करते आणि गाडीच्या पत्र्यातून मुकाट्याने परत येते. दोष असतो पूर्वजांचा, म्हणजे आधीच्या मालकांचा. एकाने कॅसेट प्लेअर बसवला आणि त्याची वायर हाताला लागेल तिथे जोडली. दुसऱ्याने फॉग लॅम्प लावले. तिसऱ्याने ते विकून खाल्ले, वायर मात्र तशीच सोडली. चौथ्याने चिरंजीवांच्या हट्टापायी रिव्हर्स घेताना आरती वाजवणारं यंत्र आणलं. ही सगळी मंडळी गेली; त्यांच्या अपुऱ्या वासना डॅशबोर्डखाली लोंबकळत राहिल्या. याला पितृदोष नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

नाशिककराला यावरचा उपाय कुणी शिकवावा लागत नाही. गाडी दारात उभी राहताच आत्याबाई म्हणतील, ‘‘त्र्यंबकेश्वरी जाऊन नारायण नागबळी करून टाक रे.’’ त्यांना नमस्कार करून सांगावं, की तो विधी तीन दिवसांत उरकतो. आपल्याला इतकी घाई नाही.

प्रथम वंशावळ. तीर्थोपाध्याय जुन्या वह्या उघडून यजमानाच्या पणजोबांपर्यंत जातात, तसं आपण आरसी बुक उघडावं. त्यात हस्तांतरणाच्या जितक्या नोंदी, तितक्या प्रकारच्या चिकटपट्ट्या वायरिंगवर सापडतील. एखादा मालक डॉक्टर असेल तर जखमेवर लावायची पट्टीसुद्धा निघते, आणि खरं सांगायचं तर तोच जोड सगळ्यांत नीट केलेला असतो. सुट्या भागांचं गोत्र वेगळं तपासावं. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर 2023मध्ये संपली, पण त्या काळ्या-पिवळ्यांचे अवयव कुठल्या खासगी गाडीत पुनर्जन्म घेऊन बसले असतील, याचा नेम नाही.

साहित्य: दहा नंबरचा पाना, पॉलिश पेपर, मल्टिमीटर, ग्रीस, गरम पाण्यात कालवलेला खाण्याचा सोडा आणि टेस्ट लॅम्प. टेस्ट लॅम्प म्हणजे इंडिकेटरचा एक बल्ब आणि त्याला दोन वायरी. याच्यापुढे मल्टिमीटरची मिजास फारशी चालत नाही.

बॅटरी सोडवताना आधी निगेटिव्ह काढावी, जोडताना ती शेवटी जोडावी. हा सोवळ्या-ओवळ्याचा प्रश्न नाही. निगेटिव्ह जोडलेली असताना पॉझिटिव्हवरचा पाना चुकून पत्र्याला टेकला, तर दिवाळी वेळेआधी येते. टर्मिनलवर आलेली पांढरी-निळसर बुरशी सोड्याच्या पाण्याने धुवावी, टर्मिनल कोरडं करून घट्ट आवळावं, वरून ग्रीस लावावं. गाडी बंद असताना मीटर 12.6 व्होल्टच्या आसपास आणि इंजिन जरा तापवल्यावर 14च्या जवळपास दाखवत असेल, तर बॅटरी आणि डायनॅमो या दोघांना संशयातून मुक्त करावं. सेल्फ मारल्यावर नुसतं टकटक होतं म्हणून नवी बॅटरी आणणारे यजमान पुष्कळ. टकटक नव्या बॅटरीवरही होते.

आता मूळपीठ: अर्थ. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, इंडिकेटर दिला की टेललॅम्प त्याच्या तालावर डोलतो, हेडलाइट लावले की पेट्रोलचा काटा मान टाकतो. हे भूतबाधेचं लक्षण दिसतं, पण तसं नाही. पत्र्यातून परतायची वाट बंद झाली की वीज शेजारच्या बल्बच्या तारेतून घरी जाते. तिलाही घर आहे. वाट बंद का झाली? तर कुणीतरी विकण्यापूर्वी गाडी रंगवली आणि रंगाऱ्याने दिव्याच्या बैठकीखालचा बोल्टसुद्धा श्रद्धेने रंगवला. रंगातून वीज जात नाही. तेव्हा इंजिनपासून बॉडीला येणारी अर्थची पट्टी आणि प्रत्येक दिव्याचा अर्थ सोडवून, पत्रा चमकेपर्यंत घासून, पुन्हा आवळावा. माझ्या मते निम्म्याहून अधिक बाधा इथेच उतरते. पण या कामाला पॉलिश पेपरपलीकडे खर्च नसल्यामुळे यजमानाचा त्यावर विश्वास बसत नाही.

फ्यूज उघडताना मन घट्ट करावं. हे स्प्रिंगच्या दोन पात्यांमध्ये बसणारे चिनी मातीचे फ्यूज. पांढरा 8 ॲम्पिअरचा, तांबडा 16चा. त्यांच्या जागी सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळलेला सापडला, तर आधीचे मालक व्यसनी आणि शूर होते असं समजावं. कागद वितळत नाही, म्हणून वायरच वितळते आणि गाडीला धूप आपोआप दाखवला जातो. कागद तत्काळ काढावा. या एका बाबतीत आम्ही थट्टा करत नाही.

रात्री धडधाकट असलेली बॅटरी सकाळी मेलेली आढळते का? मग गाडीतलं सगळं बंद करून, निगेटिव्ह सोडवून, तिची वायर आणि टर्मिनल यांच्यामध्ये टेस्ट लॅम्प धरावा. तो लागला तर कुणीतरी चोरून पितंय. आता एकेक फ्यूज काढत जावं. ज्या फ्यूजला दिवा विझेल त्याच्या वंशात चोर आहे. फ्यूज संपले तरी दिवा जळतच असेल, तर कुणीतरी फ्यूजला वळसा घालून गेलं आहे. कॅसेट प्लेअरवाले बहुधा त्याच वाटेने जातात.

पावसाळ्यात त्र्यंबकच्या रस्त्याला गाडी आचके देऊ लागली, तर आधी डिस्ट्रिब्युटरचं झाकण आतून पुसावं. मग अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवावं. प्लगच्या वायरींवर निळ्या ठिणग्या नाचताना दिसल्या, तर त्या वायरी बदलाव्यात. शेजाऱ्यांना बोलावून दाखवू नयेत.

इतकं करूनही गुण आला नाही, तर नाशिकातल्याच द्वारकेकडच्या एखाद्या वयस्कर मिस्त्रींना शरण जावं. ते वायर वाकवतील, आवरण तडकून हातात येईल आणि ते म्हणतील, ‘‘साहेब, सगळं नवीन टाका.’’ त्यांचं बरोबर असतं. तरीही यजमानाने चेहरा पाडावा, तशी रीत आहे.

तोवर गाडी उतारावर लावण्याची सवय ठेवावी. जुनं नाशिक टेकड्यांवर वसलेलं, तिथे उताराला तोटा नाही. दुसरा गिअर, चावी चालू, क्लच दाबलेला. वेग आला की क्लच सोडायचा. बॅटरीत धुगधुगी तरी हवी, नाहीतर कॉइलला ठिणगी कुठली? सपाटीवर मात्र चार माणसं लागतात. त्यांना ‘थँक यू’वर बोळवू नये, खिशात रावळगावच्या गोळ्या ठेवाव्यात. मालेगाव तालुक्यातल्या रावळगावचा साखर कारखाना वालचंद हिराचंदांनी काढला आणि ही गाडी बनवणारी कुर्ल्याची प्रीमियर कंपनीही त्यांनीच. तेव्हा धक्क्याचा खर्च कंपनीकडूनच झाला, असं हिशेबाच्या वहीत निःशंक लिहावं.